ऊन डोक्यात चढलेला माणूस कसा ओळखायचा आणि त्याला थंड कसा करायचा

आमचा काका मे महिन्यात दुपारी दीड-दोनला वावरातून घरी आला आणि दारातच म्हणे, "बैल पाण्यावर नेले का?" बैल विकून आम्हाला चार वर्षं झाली होती. काकू हसली, तिला वाटलं गंमत करतोय. मग तो चप्पल काढायला वाकला आणि भिंतीला हात टेकत टेकत खालीच बसला, आणि शेजारचे एक जण लगेच, "पिऊन आला असन, काही नाही, झोपू द्या त्याले." आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, पण लोकांचा पहिला डाउट तोच, बंदी राहो का न राहो. काकाने आयुष्यात थेंब घेतला नाही. तरी त्याला तसंच खाटेवर टाकलं, पंखा सुरू केला, आणि अर्धा तास फुकट गेला. तो अर्धा तास आठवला की अजून पोटात गोळा येतो माझ्या.

वाचला तो. पण त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, मी झेडपीच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो, मज्जासंस्थेचा धडा दरवर्षी शिकवतो, आणि घरात माणूस बरळत होता तेव्हा मला काही सुचलं नाही, ही लाज वेगळीच. तर जे कामाचं सापडलं ते इथं टाकतो. मेन गोष्ट अशी की ऊन लागलं की सगळ्यात आधी गडबडतो तो मेंदू, आणि आपण गडबडलोय का हे ठरवणाराही मेंदूच, म्हणून माणूस "मले काही नाही झालं" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. त्याला विचारत बसू नका, त्याच्याकडे पाहा.

आता आत काय होतं ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं, पाठ करावं लागत नाही. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण नुसतं बसलेलं असताना शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो, म्हणजे कवटीत २० वॉटचा एक बल्ब रात्रंदिवस चालू आहे, आणि एलईडी नाही, जुना तापणारा पिवळा. ही उष्णता रक्त उचलून नेतं आणि कातडीपाशी सोडून देतं, तिथं घाम वाळतो आणि रक्त थंड होऊन परत जातं. आपल्या कुलरसारखंच. कुलरचं पाणी संपलं, किंवा बाहेरच इतकं दमट आहे की ताट्या वाळतच नाहीत, तर पंखा फिरतो पण हवा गरमच येते. शरीराचं तसं झालं की बल्बची उष्णता आतच साचते.

आणि त्या उष्णतेत पेशी एकमेकींशी नीट बोलू शकत नाहीत. मेंदूतली पेशी दुसरीशी बोलते ती आधी विजेने आणि मग रसायनाने. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि आतला भाग बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलिव्होल्टने उणे. निरोप आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम भसकन आत घुसतं, लगेच ती दारं बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडतं, आणि असं करत करत निरोप तारेवरून पुढं पळतो. टोकाला पोचला की कॅल्शियम आत येतं, तिथं तयार असलेल्या बारीक पुड्या फुटतात आणि ग्लुटामेट, डोपामिन, अॅसिटाइलकोलिन असलं रसायन मधल्या फटीत सांडतं, पलीकडची पेशी ते ओळखते, आणि मग उरलेलं झाडून घ्यावं लागतं, नाहीतर निरोप संपतच नाही. वरून, जे सोडियम आत घुसलं ते परत बाहेर फेकायला पंप चालू ठेवावा लागतो, तीन सोडियम बाहेर दोन पोटॅशियम आत, आणि मेंदूची बरीचशी ऊर्जा याच पंपावर खर्च होते. मोटरपंपच म्हणा, फक्त याला लोडशेडिंग चालत नाही.

तापमान वाढलं की ही सगळी कामं वेगाने होतात, मग वाईट काय? तर सगळी कामं सारख्या वेगाने वाढत नाहीत, खरी भानगड इथं आहे. हॉजकिन आणि हक्सली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी माकुळाच्या, हो तेच समुद्रातलं जे कोकणवाले खातात, त्याच्या जाड नसेवर प्रयोग करून १९५२ साली सगळा हिशोब मांडला आणि १९६३ ला त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या हिशोबात १० डिग्री वाढल्या की दारांची उघडझाप तिप्पट वेगाने होते. पण दारातून सोडियम वाहायचा वेग काही तिप्पट होत नाही, तो थोडासाच वाढतो. जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची लाइन लागली आहे आणि वॉचमन फाटक भराभर उघडतो आणि भराभर लावतो, तर गाड्या आत किती जातील? तसा गरम नसेतला निरोप पळतो जोरात पण अंगाने बारीक होतो. धडधाकट माणसाला थोड्या तापमानात हे खपून जातं. पण ज्यांच्या नसेवरचं आवरण खराब झालंय, मल्टिपल स्क्लेरोसिसवाले, त्यांचा निरोप मध्येच विझतो, गरम पाण्याने आंघोळ केली तरी डोळ्यांपुढं धूसर होतं. मेहनतीचं काम केल्यावर असं धूसर होतं हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच लिहून ठेवलंय.

थंडीत उलट. जानेवारीत सकाळी ओलीताला गेलेल्या माणसाला शर्टाची बटणं लागत नाहीत, धुऱ्यावर पडलेला साप लवकर हलत नाही, कारण दारंच हळू उघडतात. हाताच्या नसेत दर डिग्रीला निरोपाचा वेग सेकंदाला साधारण २ मीटरने बदलतो, म्हणून नसांची तपासणी करणारे आधी हात गरम करून घेतात. असो, थंडीचं पुराण आपल्या कामाचं नाही, आपल्याकडे मारतं ते ऊन.

शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास. ३८-३९ ला माणूस चिडतो, एक गोष्ट दोनदा विचारतो, हातातलं काम चुकतं. ४० च्या वर गेला आणि डोकं फिरल्यासारखा वागायला लागला की त्याला डॉक्टर उष्माघात म्हणतात, आपल्याकडे ऊन लागणं म्हणतात, हिंदीवाले लू. तिथं नुसती दारांची गडबड राहत नाही, पेशींच्या आतली प्रोटीनं बिघडायला लागतात, रक्त आणि मेंदूमधली जी गाळणी असते ती गळायला लागते, पंपाला ऊर्जा कमी पडते. आणि मागच्या लहान मेंदूतल्या पर्किन्जे नावाच्या पेशी उष्णतेला सगळ्यात नाजूक. त्या चाल, तोल आणि बोलण्याची लय सांभाळतात. म्हणून माझा काका भिंत धरत होता, म्हणूनच त्याची जीभ जड झाली होती, आणि म्हणूनच तो प्यायल्यासारखा दिसत होता. दारूही याच लहान मेंदूला धरते, त्यामुळे शेजाऱ्याचा अंदाज चुकला तरी त्याने जागा बरोबर ओळखली होती, असं मी त्याला नंतर सांगितलं, त्याला काही ते आवडलं नाही.

घरी पोट्ट्यांना घेऊन एक खेळ करता येतो. ३० सेंटीमीटरची पट्टी एकाने वरून धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, न सांगता पट्टी सोडायची, कुठं पकडली ते पाहायचं. १५ वर पकडली म्हणजे साधारण ०.१७ सेकंद लागले, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. डोळ्यापासून मेंदू आणि मेंदूपासून बोटापर्यंत निरोप जायला लागलेला हा वेळ. सकाळी सहाला दहा वेळा, दुपारी तीनला घरातच दहा वेळा. सरासरीपेक्षा चुका मोजा, किती वेळा पट्टी सुटून खाली पडली, कारण नस थोडी गरम झाली तर वेग कमी होत नाही पण लक्ष उडतं. आणि यासाठी कोणाला उन्हात उभं करू नका बाप्पा, मास्तरने सांगितलं म्हणून पोट्टे काहीही करतात.

आता रोजचं. मोबाईलवर ४५ दिसलं म्हणजे ते सावलीतल्या हवेशीर पेटीतलं तापमान असतं, तुमच्या टिनाच्या घरातलं नाही आणि वावरातलं तर अजिबात नाही. हवामान खात्याच्या हिशोबात मैदानी भागात ४५ म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ म्हणजे तीव्र लाट. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ पाहिलंय. २०२४ च्या मे मध्ये एका यंत्राने नागपुरात ५६ दाखवलं होतं, नंतर खात्याने सेन्सरचा लोच्या म्हणून सांगितलं, पण आमच्या गावात अजून कोणी ते मानत नाही. नवतप्याचे नऊ दिवस, २५ मे च्या पुढचे, तेव्हा आकडा पाहायची गरजच नाही, सरळ धरून चालायचं.

वेळ कशी पाळायची ते तेंदूपत्त्यावाल्यांकडून शिका. गडचिरोली-गोंदियाकडचे लोक पहाटे जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत पानं घेऊन सावलीत पुडके बांधायला बसतात, मोहफुलंही पहाटेच वेचतात. आपण मात्र धसकटं वेचायला नऊला निघतो आणि बाराला "एवढी एक ओळ संपवून येतो" म्हणतो. ती एक ओळ फार वाईट असते. कारण काम करताना स्नायूही उष्णता तयार करतात, आणि त्या वेळेला हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला थर्मोस्टॅट, आधीच जेरीला आलेला असतो. तुमचा अंदाज घेण्याचा अवयवच थकलाय, त्याला विचारून "अजून जमेल" असं ठरवू नका, सकाळी डोकं थंड असताना वेळ ठरवा आणि तेवढीच पाळा.

दुसरं, शरीराला उन्हाची सवय लागायला एक-दोन आठवडे लागतात, मग घाम लवकर सुटतो आणि घामात मीठ कमी जातं. म्हणून लग्नासाठी पुण्याहून आलेला पाहुणा, जो एसीत बसतो, तो वरातीत दुपारी नाचताना पडतो आणि सत्तर वर्षांचा आजा नाही पडत. तसंच महिनाभर आजारी राहून वावरात गेलेला माणूस. पहिल्या दिवशी दोन तास, मग हळूहळू.

पाणी. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी गेलं की लक्ष कमी व्हायला लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सव्वा लिटर, तेवढं तर दोन तासांत जातं आणि तहान तोवर नीट लागलेलीही नसते. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहणं पण बरोबर नाही, घामातून मीठ जातं आणि वरून तुम्ही साधं पाणी ओतता, मग रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि वर सांगितलं तसं पेशीची सगळी भाषाच सोडियमवर चालते. फार कमी झालं तर मेंदू सुजतो, उलटी, गोंधळ, झटकेसुद्धा येतात, आणि लोकांना वाटतं ऊन लागलं, अजून पाणी पाजा. म्हणून मीठ-साखर लागते. एक लिटर पाण्यात सपाट चमच्याने सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, शिगोशीग नाही. साखर गोडीसाठी नाही, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतलं जातं आणि त्यांच्या मागं पाणी जातं, म्हणून दोन्ही पाहिजेत. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या रोग्यांना हेच पाजून किती जणांना वाचवलं. मेडिकलमधून पुडी आणली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याची आहे का वाचून घ्या, गोड ज्यूसच्या डब्यावर काहीही लिहिलेलं असतं. कैरीचं पन्हं मीठ घालून, ताक मीठ घालून, चांगलंच. आणि बीपी किंवा किडनीवाल्यांनी मीठ किती हे डॉक्टरला विचारूनच.

दुपट्टा डोक्याला बांधायचाच, पण ओला. कोरडा दुपट्टा ऊन अडवतो, ओला दुपट्टा उष्णता काढतो. एक लिटर पाणी अंगावरून वाळलं की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, सगळी जादू या वाळण्यात आहे, पाण्याच्या थंडपणात नाही. म्हणूनच मिरगाच्या आधी हवा दमट झाली की ४० ला सुद्धा जीव कासावीस होतो आणि एप्रिलच्या कोरड्या ४४ ला माणूस फिरतो. त्या दिवसांत कुलर बंद खोलीत लावून दारं लावून बसू नका, खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोलीच दमट होते. आणि पंखा, हवा ३५ च्या वर गेली आणि अंग कोरडं असलं तर तो भट्टीतली हवा तुमच्यावर फेकतो. अंग ओलं करा आणि मग पंखा.

कांदा खिशात ठेवायचं म्हणाल तर ठेवा, आमची आजी ठेवायची, त्याने नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी निघू नका. भाकरीसोबत खाल्ला तर पाणी तरी मिळतं.

याच्यापेक्षा घातक मला ते थंड तेल आणि थंड पावडर वाटते. नसेच्या टोकावर तापमान ओळखणारे सेन्सर असतात, गरम ओळखणारा एक साधारण ४३ डिग्रीला उघडतो आणि भिवापुरी मिरचीतलं कॅप्सेसिन पण त्यालाच उघडतं, म्हणून ठेचा तोंड "जाळतो", प्रत्यक्षात जळत काहीच नाही. थंड ओळखणारा दुसरा, त्याला पेपरमिंटातलं मेंथॉल उघडतं. मिरचीवाल्या सेन्सरचा शोध लावला डेव्हिड ज्युलियसने, मेंथॉलवाला त्याने आणि आर्डेम पाटापुटियनने आपापल्या लॅबमध्ये शोधला, दोघांना २०२१ चं नोबेल. आता पाहा, मेंथॉलचं तेल लावलं की मेंदूला निरोप जातो थंड आहे, थंड आहे, आणि शरीर तर एक डिग्रीही उतरलेलं नसतं. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती तिच्यात कापूस कोंबला. संध्याकाळी घरी लावा, उन्हात कामाला जाताना नको.

गोळ्यांचं पण पाहून घ्या. घामाच्या ग्रंथीला घाम काढ म्हणून सांगणारं रसायन अॅसिटाइलकोलिन, आणि काही गोळ्या नेमकं तेच अडवतात. मानसिक आजाराच्या औषधांसोबत हात थरथरू नये म्हणून जी गोळी देतात ती, सर्दी-खाजेच्या काही झोप आणणाऱ्या गोळ्या, या घाम कमी करतात. लघवी जास्त करणारी बीपीची गोळी पाणी-मीठ काढते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरला एवढंच विचारा की माझ्या गोळ्यांनी उन्हाचा त्रास वाढतो का.

झोपेचं थोडक्यात. गाढ झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं, टिनाखाली रात्री ते होत नाही, मग दुसऱ्या दिवशी मेंदू सकाळीच थकलेला. धाब्यावर म्हणजे गच्चीवर, नाहीतर अंगणात झोपा, झोपायच्या आधी आंघोळ, ओली चादर जवळ. सलग तीन-चार रात्री झोप झाली नसेल तर त्या माणसाला दुपारच्या कामाला पाठवूच नका.

आता ओळखायचं कसं. वावरात, रोहयोच्या कामावर, वीटभट्टीवर, एकट्याने राहायचं नाही, जोडी पाहिजे, आणि जोडीदाराने तासातासाला पाहायचं. चिडला का उगाच, एरवी न बोलणारा बडबड करतोय का किंवा बडबड्या गप्प झाला का, पाय अडखळतो का, वखराची ओळ वाकडी जाते का, वस्तू हातातून पडते का. मग त्याला साधा प्रश्न टाका, ज्याचं उत्तर "हो" किंवा "बरं हाये" असं देता येत नाही. आज बाजार कोणत्या गावचा? डबा कोणी दिला? आमच्या घरात आता प्रश्नच ठरलाय, दुपारी कोणी वावरातून आला की काकू विचारते, "बैल कुठं हायेत?" आणि काका चिडून सांगतो, विकले.

एक गैरसमज फार आहे, घाम येतोय म्हणजे ऊन लागलं नाही. म्हाताऱ्या माणसाला, घरात बसून ऊन लागलं तर कातडी कोरडी गरम असते खरी, पण काम करता करता लागलेल्याला घामाच्या धारा असू शकतात आणि आत ४१ असू शकतं. घाम पाहू नका, वागणं पाहा. अंग तापलेलं आणि वागणं बदललेलं, दोन्ही एकत्र दिसलं की वाद घालत बसायचं नाही.

तेव्हा पहिलं काम १०८ ला फोन, आणि फोन करता करताच थंड करणं, गाडीची वाट पाहत थांबायचं नाही. अर्ध्या तासात तापमान उतरलं तर मेंदू वाचायची शक्यता खूप वाढते, आणि गावात गाडी यायलाच अर्धा तास लागतो. सावलीत आणा, कपडे काढा, लाज नंतर. ढोरांचं पाणी पाजायचं टाकं भरलेलं असलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, मानेपर्यंत बसवा, डोकं एकाने धरून ठेवायचं, सोडायचं नाही. माणूस पूर्ण बेशुद्ध असेल तर टाक्यात नको, बाजेवर टाका आणि पाणी ओतत राहा, बाजेचा फायदा असा की खालून पण हवा लागते. मोटर सुरू केली तर पाइपातलं पहिलं पाणी अंगावर घेऊ नका, उन्हात पडलेल्या पाइपात ते चहासारखं उकळलेलं असतं, आधी वाहू द्या. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथं वर असतात. ओली चादर गुंडाळून ठेवू नका, ती गरम होऊन गोधडीच होते, सारखी बदला किंवा पाणी मारत राहा आणि वारा घाला. आणि फवारणीचा पंप पाणी मारायला घ्यायचा नाही, कितीही धुतला असला तरी, घाईत लोक हेच पहिलं उचलतात.

तोंडात पाणी फक्त तो नीट बोलत असेल, स्वतः ग्लास धरत असेल तरच. बरळणाऱ्याला पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉल नको. तापात काय होतं, शरीर स्वतःच थर्मोस्टॅटचा काटा वर सरकवतं, प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या रसायनाने, आणि गोळी ते रसायन कमी करून काटा खाली आणते. ऊन लागल्यावर काटा ३७ लाच असतो बिचारा, शरीरच हरलेलं असतं, गोळी काय करणार, उलट आधीच ताण आलेल्या लिव्हरला अजून ताण. कुडकुडायला लागला, शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला की पाणी थांबवा, पण दवाखान्यात न्यायचंच, किडनी-लिव्हरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

लहान पोरांना तापात झटका येतो ते प्रकरण वेगळं. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही पोरांच्या मेंदूत तापमान वाढलं की एकदम सगळ्या पेशी एका सुरात पेटतात. पाहायला भयानक, पण बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबतो आणि मेंदूला इजा होत नाही. कुशीवर वळवा, घड्याळ लावा, तोंडात चमचा-बोट घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांच्या वर गेला तर लगेच १०८, आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी डॉक्टरला दाखवा.

आणि शेवटी आपल्या कापसाच्या पट्ट्यातली खास गोष्ट, ऊन लागलंय की फवारणीचं औषध भिनलंय हे ओळखणं. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले ते सगळ्यांना आठवतं. पावसाळ्यानंतरच्या उकाड्यात पऱ्हाटी डोक्याएवढी, वारा नाही, मास्क-हातमोजे घालून उभं राहवत नाही म्हणून कोणी घालत नाही, आणि गरम घामेजलेल्या कातडीतून विष जास्त आत जातं. काही कीटकनाशकं अॅसिटाइलकोलिन झाडून टाकणारं एन्झाइमच बंद पाडतात, मग वर म्हटलं तसं निरोप संपतच नाही, नस सारखी चालू. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, उलटी-संडास, स्नायू थडथडणं, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. बाहुली पाहायची सवय लावा. इथंही कपडे काढायचे पण साबण-पाण्याने अंग धुवायचं, धुणाऱ्याने हातात काहीतरी घालून, आणि औषधाचा डबा सोबत न्यायचा, लेबल फाटलं असलं तरी. याच्या उलट धोतऱ्याचं बी पोटात गेलेलं पोरगं, बाहुली मोठी, तोंड कोरडं, अंग लाल-गरम, घाम नाही आणि हवेत काहीतरी पकडत बसलेलं, ते हुबेहूब ऊन लागल्यासारखं दिसतं. डॉक्टरला सांगताना "ऊन लागलं" असं निदान सांगू नका, सकाळपासून कुठं होता, काय खाल्लं, काय फवारलं, ते सांगा.

काकाला दवाखान्यातून आणल्यावर डॉक्टर म्हणाले, काही आठवडे उन्हात पाठवू नका, एकदा लागलं की शरीराचं थंड व्हायचं गणित काही दिवस बिघडलेलं राहतं. तो ऐकतोय होय. पाचव्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन निघाला तर काकूने त्याची चप्पलच लपवून ठेवली. दीड महिना त्याची चाल जरा फेंगडी होती, वळताना तोल जायचा, सही मोठी मोठी यायची, मग हळूहळू सुधारलं. सही अजून आधीसारखी नाही, बँकेत दोनदा करावी लागते.